सातवा डबा

राजेंद्र नगरात सकाळी कोंबडा आरवत नाही, कचऱ्याची गाडी आरवते.

इंदूरच्या या वसाहतीत माझी मावसबहीण दिलेली आहे. दारांवर मराठी पाट्या, अंगणात तुळशी, संध्याकाळी कुठून तरी पेटीचे सूर. गोव्याहून गेलेल्या माणसाला परमुलखात आल्यासारखं मुळीच वाटत नाही. २०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, चार दिवस रजा टाकून तिच्याकडे गेलो होतो. पहिल्याच सकाळी पांघरुणात असताना भोंग्यावरून गाणं ऐकू आलं. ठेका झकास, गळा तयारीचा आणि विषय एकच, आमचं शहर किती स्वच्छ! बहीण हातातलं टाकून डबे घेऊन फाटकाकडे धावली. इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करावा लागतो. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक. २०१७ पासून सलग सात स्वच्छता सर्वेक्षणांत हे शहर देशात पहिलं आलं (सातव्या वेळी सुरतेच्या जोडीने), ते काही उगाच नव्हे. आमच्याकडच्या रस्त्याकडेच्या पिशव्या रोज बघणाऱ्या मला ते निमूट मान्य करावं लागलं.

तर सांगायची गोष्ट त्या गाण्याची. माझ्या भाच्याने त्याच चालीवर एक विडंबन रचलं होतं. पोरगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गिटार वाजवतो, आणि इंदुरी मराठी बोलतो, म्हणजे वाक्य मराठीत सुरू करून 'भिया'वर संपवतो. रविवारी तिथल्या एका मंडळाचं स्नेहसंमेलन होतं, त्यात हे गाणं तो म्हणणार होता. मला त्याने स्वयंपाकघरात उभं राहून म्हणून दाखवलं. धृपद असं होतं:

सहा डबे गाडीत भिया, सातवा का नाही?
घोषणा ही ओली की सुकी, सांगत कोणी नाही!

पुढच्या कडव्यांत चौकाचौकांतल्या फलकांवरचे हात जोडलेले चेहरे होते, त्यांना कुठल्या डब्यात टाकायचं हा प्रश्न होता. एक कडवं बीआरटीएसवर होतं. साडेअकरा किलोमीटरचा तो बसमार्ग २०१३ साली टाळ्यांच्या गजरात सुरू झाला आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तो काढून टाकण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली, तेव्हाही टाळ्याच पडल्या. कडव्याचं म्हणणं एवढंच की टाळ्यांचाही पुनर्वापर होतो! एक कडवं त्याच्या स्वतःच्या वयाच्या पोरांवर होतं, शेवेचं रिकामं पाकीट चालत्या गाडीवरून भिरकावून स्वच्छतेचा सेल्फी टाकणाऱ्यांवर. आणि शेवटचं कडवं होतं खुद्द मराठी मंडळांवर. वार्षिक सभेला तीन माणसं, त्यातला एक चहावाला, आणि अध्यक्ष वीस वर्षं तेच.

मी मनापासून हसलो. बहीण हसली. तिचे यजमान वर्तमानपत्रामागे हसले.

शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम समितीचे चौघे घरी आले. चहा झाला, तिळाच्या वड्या झाल्या. मग घसा खाकरून एकजण म्हणाले, "गाणं छानच आहे हो. पण उद्या प्रमुख पाहुणे येणार. त्यांचाही फोटो आहे ना चौकात." दुसरे म्हणाले, "आपण पडलो इथे बाहेरचे. उगाच कशाला?" तिसरे काहीच म्हणाले नाहीत. चौथे माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही गोव्याचे, लिहिणारे, शिवाय सरकारी माणूस. तुम्हीच सांगा, काय करावं?"

वाचकहो, इथे मला एखादं बाणेदार वाक्य लिहायला आवडलं असतं. पण मी जे बोललो ते असं: "काढलेलं बरं. नंतर कटकट नको."

भाचा दारातच उभा होता. "बरं मामा," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी स्नेहसंमेलन झालं. सुरुवातीला नाट्यसंगीत. निवेदिकाबाईंनी अभिमानाने सांगितलं की गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळीने आपल्या इंदूर शहरातच केला, १८९९ च्या जानेवारीत. मग एका गुणी गायिकेने त्यातलं ते प्रसिद्ध पद म्हटलं, पाऊणशे वर्षांच्या घोडनवऱ्याचं वर्णन करणारं. नवरा तसा काही फार म्हातारा नाही, असं सांगत सांगत त्याची एकेक दुरवस्था उघडी पाडणारं. वन्समोअर झाला. प्रमुख पाहुण्यांनी मांडीवर ताल धरला. शेवटी 'धमाल गीतांचा' गुच्छ होता. त्यात दुहेरी अर्थाची सिनेमातली गाणी होती, नवऱ्याला लाटणं दाखवणाऱ्या जाड्या बायकोचं एक गाणं होतं, तोतऱ्या माणसाची नक्कल होती. लहान मुलं नाचली, आज्या हसल्या. त्यातलं एकही गाणं समितीने काढलं नव्हतं. भाचा मागे ध्वनिक्षेपकाच्या वायरी सांभाळत बसला होता.

मी परत आलो, कामावर रुजू झालो, फायली उपसू लागलो. पण ते दोन तास काही डोक्यातून जाईनात. म्हणून हा लेखप्रपंच.

'शारदा' हे आज आपल्या दृष्टीने काय आहे? एक ठेवा. गोव्यात तर जत्रेच्या रंगमंचावर त्यातली पदं ऐकत आपण मोठे झालो. पण १८९९ साली ते काय होतं, याचा विचार करून पाहा. भुजंगनाथ हा पैसेवाला थेरडा. कांचनभट हा पैशासाठी मुलगी विकायला निघालेला बाप. भद्रेश्वर दीक्षित हा मधला दलाल. असे जरठ-कुमारी विवाह तेव्हा सर्रास होत. म्हणजे नाटकगृहात पुढच्या, महागड्या रांगेत बसलेल्यांतही दोनचार भुजंगनाथ असणारच की! संस्थानी इंदूर ते. त्या श्रोत्यांच्या तोंडावर देवलांनी गाणं म्हटलं आणि तेही रडकं नव्हे, हसवणारं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला मागच्या रांगेतलं हसू ऐकू येत होतं. त्या पदाची खरी ताकद तिथे होती. गायिकेच्या तानेत ती नव्हती.

हे विनोदी गाणं किती खोल गेलं याचा एक मजेशीर पुरावा आहे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'सारडा कायदा' म्हणतात, तो मांडणाऱ्या अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावावरून. पण आपल्यातल्या कितीतरी जणांची ठाम समजूत असते की तो 'शारदा' कायदा आहे आणि नाव नाटकावरून पडलं आहे. माझ्या शाळेतल्या गुरुजींचीही होती. समजूत चुकीची आहे, पण ती झाली कशी ते बघा. कायदा आला तो नाटकामुळेच, असं लोकांना सहज खरं वाटावं, इतकी ती पदं घरोघर पोचली होती.

आता राजेंद्र नगरातल्या त्या संध्याकाळकडे परत या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या टोचणाऱ्या गाण्याला वन्समोअर, आणि आज टोचणाऱ्या गाण्याला कात्री. एकाच मंचावर, एकाच दिवशी. कारण उघड आहे. भुजंगनाथ मेला आहे. त्याच्यावर आता कुणीही हसावं, तो सभागृहाचं भाडं वाढवणार नाही. आपण मराठी माणसं ज्या विनोदी परंपरेचा अभिमान मिरवतो, ती परंपरा आपल्याला मेलेलीच आवडते. नाथांचं भारूड आवडतं. सासरच्या एकेका माणसाला हटव म्हणून देवीला साकडं घालणारी ती सून शाहीर साबळ्यांच्या आवाजात घराघरांत पोचली आणि तिला आपण दाद दिली. पण आज एखाद्या सुनेने स्वतःच्या सासरचं भारूड आपल्याच मंडळात म्हणून दाखवावं, मग बघा!

यावर नेहमीची उत्तरं येतात, ती एकेक घेऊ.

पहिलं उत्तर, "विनोद हवा, पण पातळी सांभाळून." पातळीचं म्हणाल तर दुहेरी अर्थाच्या गाण्यांना कुठल्या मंडळाने हरकत घेतली? दादा कोंडक्यांच्या गाण्यांवर नाकं मुरडणारी माणसं लग्नाच्या वरातीत त्यांच्याच ठेक्यावर रुमाल उडवतात. माझी दादांविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती पातळीच्या नावाखाली चालणाऱ्या लबाडीविषयी. भाच्याच्या गाण्यात एकही वावगा शब्द नव्हता. त्यात फक्त पत्ता होता. हे हसू कुणाच्या घरी पोचवायचं ते त्यात लिहिलेलं होतं. आपल्याला बिनपत्त्याचं हसू चालतं, आणि पत्ता लिहायचाच असेल तर तो दुबळ्याचा चालतो. जाडी बायको, तोतरा माणूस, मोलकरीण, खेड्यातला गडी. हे परत उठून उत्तर देणार नाहीत, याची खात्री असते ना.

इथे एक गोष्ट मी कबूल करतो. चालीवर रचलेली प्रत्येक टवाळी म्हणजे काही उपहास नव्हे. जातीवर, अंगावर, अपंगत्वावर केलेली गाणी मलाही नकोत. मोजपट्टी सोपी आहे. गाणं आपल्याहून बलवानाकडे बघून हसतं की दुबळ्याकडे बघून? आणि गाणारा स्वतःलाही त्यात ओढतो का? भाच्याने स्वतःच्या मित्रांना सोडलं नव्हतं. समितीने कापलं ते गाणं या मोजपट्टीवर उतरलं असतं, आणि ठेवली त्यांतली निम्मी नापास झाली असती.

दुसरं उत्तर, "कलेत राजकारण नको." मग पहाटेच्या त्या गाडीवर काय होतं? महापालिकेने स्वतःची स्तुती चालीत बसवून रोज सकाळी गल्लीगल्लीत वाजवायची, ती कला. नागरिकाने त्याच चालीवर एक प्रश्न विचारला की ते राजकारण. स्तुतीला डिझेल सरकार पुरवतं. उपहासाने मात्र पायी चालायचं आणि वाटेत नोटीस घ्यायची.

नोटीस हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. जुलै २०१७ मध्ये मुंबईत आरजे मलिष्काने त्या वर्षी गाजलेल्या 'सोनू'च्या चालीवर महापालिकेच्या खड्ड्यांचं गाणं केलं. सत्ताधारी शिवसेनेच्या नगरसेवकांनी पाचशे कोटींच्या दाव्याची मागणी केली आणि पालिकेचं पथक तिच्या घरी जाऊन डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधून आलं. नोटीस निघाली तिच्या आईच्या नावे! एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुण मराठी रॅपर पोरांवर राजकीय गाण्यांसाठी गुन्हे दाखल झाले. आणि मी इंदूरहून परतल्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ मार्च २०२५ च्या रात्री, कुणाल कामराच्या विडंबन गीतावरून शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी खारचा स्टुडिओ फोडला. दुसऱ्या दिवशी पालिकेचे हातोडे तिथे पोचले. गंमत म्हणजे २०१७ साली मुंबई महापालिकेवर ज्यांची सत्ता होती, ते उद्धव ठाकरे २०२५ मध्ये कामराच्या बाजूने बोलत होते. त्याआधी, १९७६ मध्ये आणीबाणीत, सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून खांडव्याच्या किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली, तेव्हा राज्य काँग्रेसचं होतं. म्हणजे हा एका पक्षाचा आजार नाही. विरोधात असताना सगळ्यांनाच उपहास गोड लागतो.

किशोरकुमार शिकला इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात. कॉलेजच्या कँटीनची राहिलेली उधारी त्याने 'चलती का नाम गाडी'तल्या एका गाण्यात घातली, असं तिकडे हसत सांगतात. आज मध्य प्रदेश शासन त्याच्या नावाने राष्ट्रीय सन्मान देतं. पुन्हा तेच. माणूस गेला, गाणी निरुपद्रवी झाली, की आपण शाल-श्रीफळ घेऊन हजर.

तिसरं उत्तर जरा खरं आहे, म्हणून अवघड आहे. "भीती वाटते हो." वाटणारच. १ जानेवारी २०२१ रोजी याच इंदुरात मुनव्वर फारुकी या विनोदवीराला कार्यक्रमातून उचललं आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन देईपर्यंत तो तुरुंगात होता. ज्या शहरात हे घडलं, तिथल्या समितीतल्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने धास्ती घेतली तर त्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण एक सांगतो. त्या शनिवारी पोलीस आले नव्हते. पाहुण्यांनी फोन केला नव्हता. त्यांना तर ते गाणं ठाऊकही नव्हतं, कदाचित ते हसलेही असते. बंदी घालायला कुणी आलंच नाही, ती आम्ही पाच जणांनी तिळाची वडी चघळत घातली. आणि शेवटचं कडवं मंडळांवर होतं, ते खुपलं की चौकातला फोटो खुपला, हे मला अजून नक्की सांगता येणार नाही.

"आपण बाहेरचे" हे त्यातलं सगळ्यांत दुःखाचं वाक्य. होळकरांबरोबर मराठी माणूस माळव्यात गेला त्याला आता तीनशे वर्षं होत आली. तीनशे वर्षं राहूनही ज्याला हसण्याआधी यजमानाकडे बघावंसं वाटतं, तो पाहुणा कधी घरचा व्हायचा? शहरावर हसायचा हक्क शहराच्या माणसालाच असतो. कचऱ्याच्या गाडीवर गाणं रचणारा माझा भाचा त्या समितीपेक्षा जास्त इंदुरी आहे.

आता आपल्या घरात डोकावू. गोव्यातल्या मराठी रसिकाला तियात्राविषयी बोलताना किंचित हसू येतं, आपलं नाट्यसंगीत कुठे नि ते कुठे, असं. माझ्या शेजारच्या टेबलावर सासष्टीचा एक सहकारी बसतो. सोमवारी सकाळी तो रविवारच्या तियात्रातल्या कांताराची हकीकत सांगतो, कुठल्या मंत्र्याला कसं धुतलं, कुठल्या आमदाराच्या उडीवर कशी चाल बांधली, बँड कसा वाजला. दोन प्रवेशांच्या मधे गायक येतो, चालू आठवड्याचा हिशेब गातो आणि तिकीट काढून आलेली माणसं दाद देतात. पोर्तुगिजांनंतरच्या गोव्यातला कुठला पक्ष त्यातून सुटला? त्यातलं सगळंच उच्च असतं असं नाही. पण ते जिवंत आहे. आणि आमच्या मराठी रंगमंचावर? जत्रेच्या नाटकात आम्ही पौराणिक राजे आणि घोडनवरे गातो. पेडण्याकडे दशावतारातला संकासुर तेवढा अजून गावच्या मानकऱ्याला दोन चिमटे काढतो, कारण तो काळ्या वेषात असतो आणि त्याचं बोलणं 'अडाणी' मानलेलं असतं. जे शिकले, त्यांनी मात्र जीभ आवरली. मराठी ही संस्कारांची भाषा, असं आपण इतक्यांदा म्हटलं की तिच्यात थट्टा करणं म्हणजे देवघरात शिट्टी वाजवणं होऊन बसलं. भाषा टिकवायची तर तिच्यात प्रार्थना करून भागत नाही. तिच्यात चेष्टाही करता यावी लागते, आणि ती आजच्या माणसांची.

राहिला मी. आम्हा सरकारी नोकरांना वर्तणूक नियम आहेत, १९६४ चे. त्यातला नववा सरकारवर टीका करू नका असं सांगतो. नियम आहे, मी पाळतो. पण इंदूरच्या ओसरीवर माझ्या भाच्याने काय गावं हे त्या नियमात कुठेही लिहिलेलं नाही. ते मी पदरचं घातलं. वीसएक वर्षं 'सादर', 'मान्यतेस्तव', 'आदेशार्थ' लिहून लिहून माणसाला एक सवय लागते. कुणी विचारलं की उत्तर आधीच ठरलेलं असतं, नको. देवलांच्या काळी माझ्यासारखा एखादा कारकून किर्लोस्कर मंडळीच्या सल्ल्याला असता, तर त्याने म्हाताऱ्या नवऱ्याचं पद नक्की काढायला लावलं असतं. पाहुणे पुढच्याच रांगेत बसणार होते ना!

गेल्या आठवड्यात भाच्याला फोन केला. म्हटलं, तुझं ते गाणं पाठव, येत्या शिगम्यात आमच्या वाड्यावर म्हणू. तो म्हणाला, "मामा, चाल इंदूरची, डबे इंदूरचे. तुमच्याकडे कसं चालेल?" म्हटलं, डबे बदलू, आमच्याकडे घोषणांना तोटा नाही. जरा थांबून त्याने विचारलं, "आणि तुमच्या समितीने काढायला सांगितलं तर?"

आमच्या वाड्यावरच्या समितीत मीच आहे, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.